आठ महिने जावयाच्या पूर्वजांमागे

जावई मॅसॅच्युसेट्सचा. त्याच्या घरी पिढ्यानपिढ्या सांगतात की आमचं मूळ १६२० मध्ये इंग्लंडहून अमेरिकेत वसायला निघालेल्यांच्या मेफ्लॉवर जहाजावरच्या जॉन हाउलंडपर्यंत जातं. हा गडी वादळात जहाजावरून समुद्रात पडला आणि लोंबणारा दोर हाती लागला म्हणून वाचला. नातीच्या शाळेला वंशावळ हवी होती, तेव्हा एका साइटची वर्षाची वर्गणी भरली. आठ महिने झाले, आता लिहायला हरकत नाही.

१८५० पर्यंत मागे जाणं सोपं. अमेरिकेच्या त्या साली झालेल्या जनगणनेपासून घरातल्या प्रत्येकाचं नाव मिळतं. त्याआधी, १७९० पासून, नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं; बायकापोरं म्हणजे नुसते आकडे. इथून साइट स्वतःच पूर्वज सुचवायला लागते. मी हो-हो करत गेले आणि पंधरा मिनिटांत हाउलंडच्या दारात! बँकेत लेजर तपासण्यात आयुष्य गेलेलं, म्हणून जन्मसालं ताडून पाहिली. हाउलंडची नात नवव्या वर्षी आई झालेली. आणि कितीतरी जणांनी हेच एकमेकांचं बघून उतरवलेलं. आपल्या नाशिकच्या उपाध्यांच्या वहीत निदान घरचा माणूस समोर बसून नावं सांगतो.

घोळ जावयाच्या एका पूर्वजाच्या नावापुढच्या 'ज्युनियर' या शब्दाचा होता; साइटने त्याला त्याच नावाच्या थोरल्याचा मुलगा धरलं होतं. तेव्हा एका गावात एकाच नावाचे दोघे असले की वयाने लहान तो ज्युनियर; मुलगाच असेल असं नाही. थोरल्याचं मृत्युपत्र शेवटी फॅमिलीसर्च या दुसऱ्या साइटवर मिळालं, तेही फुकट. अक्षर दिव्य, 'एस' जागोजागी 'एफ'सारखा. पण आजोबांचे मोडी कागद वाचलेत मी, चार संध्याकाळी खर्ची घातल्या. त्यात ज्युनियरला एक गाय दिली आहे, 'माझ्या भावाचा मुलगा' म्हणून. हाउलंडची नात ही थोरल्याची बायको. म्हणजे ती आमच्या ज्युनियरची काकू, आई नव्हेच.

बरं, जे खरं तिथे साइटने लाल खूण केली. ज्युनियरचं लग्न मे १७०१ चं, पहिलं बाळ फेब्रुवारी १७०१ चं. १७५२ पर्यंत तिथे वर्ष २५ मार्चला बदलायचं, त्यामुळे तो फेब्रुवारी मे महिन्यानंतरचा. बाळ अगदी वेळेवर आलेलं.

कागदांचे फोटो स्वच्छ आहेत, शोधही चांगला चालतो, त्याबद्दल तक्रार नाही. वर्गणी मात्र आपोआप पुढे चालू राहते आणि बंद करायचं बटण शोधणं मृत्युपत्रापेक्षा अवघड.

जावयाला सगळं दाखवलं, तो हसला. विहीणबाईंना अजून सांगितलेलं नाही.