नोड सोडून डेनोवर आलो, काही महिने वापरल्यानंतर

नोड आणि डेनो हे दोन्ही रनटाइम, म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्टचे प्रोग्राम चालवणारी सॉफ्टवेअरं. आधीच सांगतो, हा बेंचमार्कवाला, म्हणजे स्पीड मोजणारा रिव्ह्यू नाही. माझे प्रोजेक्ट म्हणजे छोट्या स्क्रिप्टा, एक चॅट बॉट, फोटोंची नावं बदलणारं एक टूल, असलंच काहीतरी, त्यात रनटाइम दुप्पट फास्ट असला काय नि नसला काय, मला घंटा फरक पडत नाही. स्पीडच पाहिजे असेल तर बन नावाचा तिसरा रनटाइम बघा, ते लोक त्याच्याच मागे असतात.

मला वैताग होता तो सेटअपचा. चाळीस ओळींची स्क्रिप्ट लिहायची तर नोडवर आधी टाइपस्क्रिप्ट (टाइप लिहिता येणारं जावास्क्रिप्ट) टाका, त्याचा कॉन्फिग, मग फॉरमॅटर (कोड नीट मांडणारा), लिंटर (चुका दाखवणारा), टेस्टचं पॅकेज, आणि हे सगळं होईपर्यंत मूळ आयडियाचा उत्साहच संपलेला. डेनोत एक डॉट टीएस (टाइपस्क्रिप्टची) फाइल बनवायची आणि डेनो रन मारायचं, बास. फॉरमॅट, लिंट, टेस्ट सगळं आतच आहे. फक्त एक लक्षात ठेवा, रन करताना ते टाइप तपासत नाही, त्यासाठी डेनो चेक वेगळं चालवावं लागतं, नाहीतर एडिटरमध्ये लाल रेघा दिसतायत आणि प्रोग्राम मात्र मजेत चाललाय असं होतं.

पण मी टिकलो ते परमिशनमुळे. रायन डाल, ज्याने २००९ मध्ये नोड बनवलं, त्यानेच २०१८ मध्ये स्टेजवर उभं राहून नोडमध्ये काय काय चुकलं याची यादी वाचली होती आणि तिथेच डेनो दाखवलं, त्या यादीत सिक्युरिटी पण होती. डेनोत प्रोग्रामला फाइल वाचायची असो, नेटवर जायचं असो की एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (सिस्टीममध्ये ठेवलेली सेटिंग) बघायचा असो, आधी तुम्हाला विचारलं जातं. पहिले काही दिवस कटकट वाटते. मग एकदा तारखा फॉरमॅट करणाऱ्या एका साध्या पॅकेजने नेटची परवानगी मागितली, अरे तुला नेट कशाला हवंय बाबा? काढून टाकलं. नोडवर मला हे कळलंच नसतं. एनपीएम (नोडचं पॅकेज भांडार) पॅकेजच्या इन्स्टॉल स्क्रिप्टा, म्हणजे पॅकेज टाकताना आपोआप चालणारा कोड, पण आपण परवानगी दिल्याशिवाय चालत नाहीत, हे मला सगळ्यात भारी वाटतं.

आता हे म्हणजे अभेद्य किल्ला वगैरे नाही. परमिशन अख्ख्या प्रोसेसला मिळते, पॅकेजला वेगळी नाही, म्हणजे मी माझ्या कोडसाठी नेट उघडलं की सगळ्या डिपेंडन्सींना (मी वापरलेल्या पॅकेजांना) ते उघडलं. आणि अलाऊ-रन (दुसरे प्रोग्राम चालवायची परवानगी) दिलंत की त्यातून सुरू झालेल्या दुसऱ्या प्रोग्रामवर डेनोचा काही कंट्रोल नाही. शिवाय कंटाळा आला की सरळ अलाऊ-ऑल (सगळ्या परवानग्या एकदम) मारायचा मोह होतोच, बरेच लोक तेच करतात, मग डेनो वापरून उपयोग काय.

जुने प्रोजेक्ट हलवताना मात्र घाम निघाला. इम्पोर्टमध्ये फाइलचं एक्स्टेन्शन लिहावंच लागतं, रिक्वायरवाल्या (इम्पोर्टची नोडमधली जुनी पद्धत) जुन्या फाइल्सचं एक्स्टेन्शन सीजेएस करा नाहीतर पॅकेज डॉट जेसनमध्ये (नोड प्रोजेक्टची माहिती असलेली फाइल) तसं सांगा. ऑक्टोबर २०२४ मध्ये डेनो २ आलं तेव्हापासून पॅकेज डॉट जेसन आणि नोड मॉड्युल्स (पॅकेजं जिथे साठतात तो फोल्डर) त्याला नीट कळतात, त्यामुळे बरंच सोपं झालंय, पण सी प्लस प्लसमध्ये कंपाइल होणारी नेटिव्ह पॅकेजं असतील तर अजूनही जपून. त्यांना एफएफआयची (नेटिव्ह कोड थेट चालवायची) परवानगी द्यावी लागते आणि ती दिली की सॅंडबॉक्सला, म्हणजे परवानग्यांच्या कुंपणाला, अर्थच उरत नाही.

डेनो कंपाइल एकदम आवडलं, मित्राला एकच फाइल पाठवली, त्याने काहीही इन्स्टॉल न करता चालवली. फाइल बरीच मोठी होते, कारण अख्खा रनटाइम त्यातच भरलेला असतो.

तसं नोड पण आता गप्प बसलेलं नाही, नवीन व्हर्जनमध्ये टाइपस्क्रिप्ट फाइल थेट चालते, स्वतःचं परमिशन मॉडेल पण आलंय, फक्त ते तुम्ही फ्लॅग (कमांडला जोडायचा पर्याय) देऊन चालू करायचं. त्यामुळे तुमचं नोडवर छान चाललं असेल तर उगाच उठून हलवाहलवी करू नका. मी नवीन काहीही डेनोतच सुरू करतो, आणि इमेजवाला एक जुना प्रोजेक्ट, ज्यात नेटिव्ह पॅकेजच पॅकेज आहेत, तो नोडवरच ठेवलाय.