शाहूपुरीतला कादंबरीचा वर्ग: सहा रविवार, एक शंख आणि मायनस सहाचं भिंग

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं चष्म्याचं दुकान आहे. मुलगा अकरावीत, त्याला विल्यम गोल्डिंगची १९५४ ची ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ ही इंग्रजी कादंबरी अभ्यासाला आहे. निर्जन बेटावर मोठ्या माणसांशिवाय अडकलेल्या शाळकरी पोरांची ही गोष्ट. आधी बाजारातलं गाइड आणलं. शंख म्हणजे लोकशाही, चष्मा म्हणजे विज्ञान, असा तक्ता. पोरानं तो पाठ केला आणि कादंबरी उघडलीच नाही. म्हणून शाहूपुरीत एक निवृत्त प्राध्यापिका घरीच वर्ग घेतात, तिथं त्याला घातलं. बारा प्रकरणं, सहा रविवार, फी १५०० रुपये.

बाई टेबलावर खराखुरा शंख ठेवतात. कादंबरीतल्या पोरांच्या सभेसारखंच, शंख ज्याच्या हातात, त्यानंच बोलायचं. तिसऱ्या रविवारी बेटावरची सभा मोडते ते प्रकरण होतं. पोरं शंखाकडं न बघताच एकमेकांवर ओरडायला लागली. बाईंनी मुद्दाम कुणाला गप्प केलं नाही. शेवटी एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली, “शंख माझ्याकडं आहे ना!” तेव्हा खोली शांत झाली. मुलानं घरी येऊन हे जेवताना दोनदा सांगितलं.

त्याआधीची गोष्ट. पहिल्या रविवारी आग पेटवायचा प्रसंग झाला. पिगी हा त्यांच्यातला चष्मेवाला पोरगा; त्याच्या चष्म्यातून ऊन पाडून पोरं जाळ करतात. पण पिगीला लांबचं दिसत नाही, म्हणजे त्याचा नंबर मायनस. मायनसचं भिंग ऊन पसरवतं, एका जागी आणत नाही. मुलानं विचारल्यावर मी सांगितलं, त्यानं बाईंना सांगितलं, आणि बाईंनी पुढच्या रविवारी मलाच बोलावलं! ट्रायल बॉक्स, म्हणजे नंबर तपासायच्या भिंगांची पेटी, घेऊन गच्चीवर गेलो. मायनस सहाच्या भिंगाखाली नुसती सावली पडली, कडेला उजळ गोल. मग प्लस दहाचं धरलं, बरोबर दहा सेंटीमीटरवर. नारळाच्या शेंडीतून लगेच धूर निघाला. “लेखकाची चूक आहे, मान्य,” बाई सरळ म्हणाल्या. मला फार बरं वाटलं.

मग त्यांनी मला तिथंच बसवून घेतलं. त्या दिवशीच्या प्रकरणात शिकारी पोरांचा म्होरक्या जॅक पिगीला मारतो आणि चष्म्याची एक काच फुटते. पुढं तर जॅकची टोळी चष्माच चोरते. मायनस सहाची पोरं रोज दुकानात येतात. फ्रेम बदलायला चष्मा काढून घेतला की ती काउंटरची कड हातानं चाचपतात. पिगी चष्मा परत मागायला जातो, ते वाचताना मला तीच पोरं दिसत होती. जी. ए. कुलकर्णींनी या कादंबरीचा मराठी अनुवाद केलाय, तो बाईंनी मला वाचायला दिला. दोन रात्रीत संपवला.

तक्रार एकच, पण मोठी. शेवटच्या रविवारी पिगीचा मृत्यू आणि पोरांनी आधी पुढारी निवडलेल्या राल्फचा पाठलाग एकाच बैठकीत उरकला. नौदलाचा अधिकारी बेटावर येऊन पोरांना सोडवतो, तो शेवट दहा मिनिटांत आटपला. गोल्डिंग स्वतः दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलात होते, त्यामुळं त्या गणवेशावर पोरांशी तासभर तरी बोलायला हवं होतं. सातवा रविवार ठेवा, त्याची फी मी आनंदानं भरीन, असं बाईंना सांगून आलोय.

गाडी लावायला जागा नाही. पुस्तक स्वतःचं न्यावं लागतं.