छिन्नीचा घाव असलेलं अथेन्सचं घुबड: आठ महिन्यांनंतर

आठ महिन्यांपूर्वी इथे लंडनमध्ये एका लिलावात अथेन्सचं चार द्राख्मांचं चांदीचं नाणं घेतलं. इ.स.पूर्व पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली देवी अथीना, दुसऱ्या बाजूला घुबड, ऑलिव्हची डहाळी, चंद्रकोर आणि अथेन्सच्या नावाची तीन अक्षरं. घुबडाच्या छातीवर छिन्नीचा आडवा घाव. त्या घावामुळेच ते मला परवडलं. अखंड नाण्याच्या निम्म्याहूनही कमी पैशात मिळालं.

पहिले काही दिवस त्या घावाकडे बघवत नव्हतं. नंतर दहापट भिंग घेतलं आणि रोज रात्री तोच बघत बसलो. घावाच्या कडा धारदार नाहीत, हाताळून हाताळून गुळगुळीत झाल्यात. म्हणजे घाव घातल्यावरही नाणं बरीच वर्षं चाललं. आत जुना काळपट थर आहे आणि तळापर्यंत चांदीच दिसते. नाणं उलटलं की अथीनाच्या गालावर एक दबलेला पट्टा लागतो: छिन्नी वर बसली तेव्हा खाली टेकलेली बाजू चेपली. कुणीतरी हे नाणं ठोकळ्यावर ठेवून हातोडा उचलला होता, हे बोटाला कळतं.

असा घाव घालण्याचं कारण सोपं. तांब्याच्या चकतीवर चांदीचा पत्रा चढवलेली नाणी तेव्हाही फिरत होती. स्पार्टाशी झालेल्या पेलोपोनेशियन युद्धाच्या शेवटी तर खुद्द अथेन्सनेच तशी पाडली. इ.स.पूर्व 375-374 मध्ये निकोफोन नावाच्या माणसाने मांडलेल्या कायद्याचा शिलालेख 1970 साली अथेन्सच्या अगोरात, म्हणजे जुन्या बाजारचौकात सापडला. त्यानुसार बाजारात सराफांच्या टेबलांमध्ये एक सरकारी पारखी बसे. तो स्वतः गुलाम होता. काम टाळलं तर पन्नास फटके. पोटात तांबं किंवा शिसं निघालं तर त्याने नाणं कापायचं, मग ते देवमातेला वाहिलं जाई.

इथे मी बराच अडलो. कायद्याने कापायचं ते खोटं नाणं, मग माझं अस्सल नाणं कापलं कुणी? उत्तर बहुधा अथेन्सबाहेर आहे. इजिप्त आणि लेव्हंटमध्ये, म्हणजे भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर, ही घुबडं चांदी म्हणून तोलून घेतली जात. तिथे सापडलेल्या नाण्यांच्या साठ्यांत असे घाव भरपूर दिसतात. तिथला व्यापारी शिक्क्यावर विसंबत नव्हता, पोट बघून घेत होता.

मीही बघितलंच. दोऱ्याने पाण्यात टांगून तोललं: हवेत 16.92 ग्रॅम, पाण्यात 1.63 ग्रॅमने कमी. घनता 10.38. शुद्ध चांदीची 10.49, म्हणजे पोटातही चांदीच. तो आकडा आला तेव्हा इतका आनंद झाला की बायकोला झोपेतून उठवून सांगितलं.

एक तक्रार आहे. नाणं आलं ते मऊ प्लास्टिकच्या पाकिटात. महिन्याभरात कडेला हिरवट चिकट थर धरला. शुद्ध ॲसिटोनने निघाला, पण पीव्हीसीचं पाकीट पहिल्याच दिवशी फेकून द्या आणि मायलारचं (पॉलिएस्टरचं) वापरा. विक्रेत्याने हे सांगायला हवं होतं.

मी मूळचा नाशिकचा, म्हणून हे नाणं हातात धरलं की नाशिकजवळच्या जोगळटेंभीची आठवण येते. 1906 साली तिथे क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला होता. नहपानाच्या चेहऱ्याभोवती ग्रीक अक्षरं आहेत आणि त्या चेहऱ्यावरच सातवाहनांचा तीन कमानींचा डोंगर. तिथे राज्य बदललं म्हणून ठसा, इथे शंका आली म्हणून छिन्नी. हे घुबड घेण्याआधी असल्या खुणांना मी खराबी म्हणायचो. आता लिलावाची यादी चाळताना आधी त्याच शोधतो.

नवीन माणसाने पहिलं ग्रीक नाणं घेताना घाव असलेलंच घ्यावं, असं मी मनापासून सांगेन. खर्च कमी, आणि आतली चांदी डोळ्यांनी दिसते. फक्त घाव ताजा, चकचकीत असेल तर थांबा.

सध्या मी याच घुबडाची मुलाम्याची खोटी जोडी शोधतोय, जिच्या घावातून तांबं दिसतं. दोन्ही एकाच ट्रेमध्ये शेजारी ठेवायची आहेत.