घटसर्पाची लस: तुरटीची की तेलाची?

गुरांना होणाऱ्या घटसर्पाच्या दोन्ही लसींतला जंतू तोच, पाश्चुरेला मल्टोसिडा, तोही मारलेला. नुसता मेलेला जंतू टोचला तर शरीर त्याची फार काळ दखल घेत नाही. म्हणून एका लसीत तो तुरटीच्या साक्यावर बसवतात, दुसरीत खनिज तेलात घोटतात. तेलातून तो फार सावकाश सुटतो. त्यामुळे तुरटीच्या लसीचं संरक्षण साधारण 4 ते 6 महिने धरावं, तेलाच्या लसीचं 9 ते 12.

मेअखेरीस टोचलेली तुरटीची लस पावसाळा निभावून नेते. वर्षभर दावणीला असणाऱ्या म्हशींना तेवढं बहुधा पुरतं. ऊसतोडीच्या बैलांचं तसं नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बीडकडच्या गाड्या कारखान्याच्या वाटेला लागतात आणि लसीचा जोर ओसरतो तोही तेव्हाच. लांबचा प्रवास, उसाचं ओझं, तळावर गावोगावच्या बैलांची सरमिसळ. अशा ताणात घशात दबून बसलेला जंतू उचल खातो. निघण्याआधी दुसरी मात्रा द्यावी म्हटलं तर आगाऊ पैशांची उचल, सामान, मुलांची सोय या धांदलीत ती राहूनच जाते. मला खटकतं ते हेच. जी दुसरी मात्रा प्रत्यक्षात टोचलीच जात नाही, तिच्या भरवशावर बैल तळावर पाठवू नये, असं माझं मत. कामाच्या बैलांना म्हणूनच तेलाची लस बरी वाटते.

तिचे त्रास मात्र खरे आहेत. ती दाट असते. बारीक सुईतून उतरत नाही, जोर लावला की सुई निसटते आणि अर्धी मात्रा केसांवर सांडते. 16 गेजची सुई घ्यावी, बाटली बर्फातून काढून थोडा वेळ हातात धरावी, मग सावकाश दाबावी. साध्या रबराचा वॉशर तेलाने फुगतो आणि दट्ट्या अडकतो, तेलाला टिकणारा वापरावा. लस कातडीखाली न देता मानेच्या स्नायूत खोल द्यायची. वरवर गेली तर गाठ येते, आणि ती जुवाखाली आली तर बैल कामातून जातो. म्हणून मानेच्या बाजूला, जू टेकतं तिथून लांब टोचावं, तेही मे महिन्यातच. गाठ आलीच तर जिरायला वेळ मिळतो. मात्रा किती ते त्या बाटलीवरचंच पाहावं.

शेजारच्या गावात साथ आलीच असेल तर मी तुरटीचीच लस घेईन, कारण तेलाची मुरायला वेळ लागतो. मात्र तुरटीच्या लसीचा साका तळाशी बसतो. दर वेळी सिरिंज भरताना बाटली हलवली नाही तर पहिल्या जनावरांना नुसतं पाणी जातं आणि शेवटच्यांना गाळ.

गोठू कुठलीच देऊ नये. 2 ते 8 अंश तापमान ठेवावं, बाटली बर्फाला थेट लावू नये. गोठून वितळलेल्या तुरटीच्या लसीत कण दिसतात, तेलाच्या लसीत पाणी वेगळं होतं. अशी बाटली टाकूनच द्यावी.

तेलाची लस टोचणाऱ्याच्याच बोटात गेली तर थेंबभर असली तरी लगेच दवाखाना गाठावा आणि लसीत खनिज तेल आहे हे डॉक्टरांना आधी सांगावं. सूज वाढून बोटाचा रक्तपुरवठा तुटू शकतो.