रोममध्ये एकच जेवण: त्रात्तोरिया की पिझ्झेरिया?

रोममध्ये नीट बसून जेवायला एकच वेळ मिळणार असेल, तर आधी सोबत कोण आहे ते बघा. सगळे मांसाहारी असतील तर त्रात्तोरिया गाठा. एकजण जरी कडक शाकाहारी असेल, तर मी पिझ्झेरियाच सुचवेन.

त्रात्तोरिया म्हणजे बहुधा एखाद्या कुटुंबाने चालवलेली खानावळ. रोमची खरी चव तिथेच कळते. काचो ए पेपे, ग्रीचा, आमात्रिचाना आणि कार्बोनारा हे इथले चार नावाजलेले पास्ते. यातल्या शेवटच्या तिघांत ग्वांचाले असतं, म्हणजे डुकराच्या गालाचं मुरवलेलं मांस. काचो ए पेपे मात्र फक्त पेकोरिनो चीज, मिरी आणि पास्ता उकडलेलं पाणी एवढ्यावर होतो. त्यात क्रीम नाही, लोणी नाही. कार्बोनारातही क्रीम नसतं, अंडं असतं. आपल्याकडच्या व्हाइट सॉसची सवय असेल तर पहिला घास खारट लागेल, पण दोन घास धीर धरा.

जागा निवडायची तर रोममधला टेस्ताच्चो हा भाग. इथे शहराचा मोठा कत्तलखाना होता, तो 1975 मध्ये बंद झाला. जनावराचे चार भाग करून चांगलं मांस श्रीमंतांकडे जायचं आणि उरलेली आतडी, शेपटी, वजडी कामगारांच्या वाट्याला यायची. त्यालाच ‘क्विंतो क्वार्तो’, म्हणजे पाचवा चतकोर, म्हणतात. ज्यांच्या घरी वजडी आवडीने होते त्यांनी इथली त्रिप्पा आल्ला रोमाना जरूर खावी: टोमॅटो, पुदिन्यासारखी एक रानवनस्पती आणि वर पेकोरिनो. फक्त ही वजडी आणि शेपटी गाय-बैलाची असते. ते चालत नसेल तर आबाक्यो, म्हणजे कोवळ्या कोकराचं मटण, मागवा.

आता शाकाहाऱ्यांचा प्रश्न. काचो ए पेपे शाकाहारी दिसतो, पण पेकोरिनो रोमानोचं दूध कोकराच्या जठरातलं रेनेट घालून फाडतात. पार्मेजानो चीजमध्ये वासराचं रेनेट असतं. हे चालणार नसेल तर चीज न घालता लसूण, तेल आणि मिरचीची स्पॅगेटी मागा, सोबत चिकोरिया रिपास्साता. ही लसूण-मिरचीवर परतलेली कडसर पालेभाजी आहे आणि आपल्याला अगदी घरची वाटते. हिवाळा किंवा वसंत असेल तर आर्टिचोक ही फुलाच्या कळीची भाजीही घ्या. जेवण होईल, पण प्रत्येक पदार्थ विचारून घ्यावा लागेल.

पिझ्झेरियात ही विचारपूस कमी होते. पिझ्झा मारिनारावर टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल असतं, चीज नसतंच. रोमचा पिझ्झा पातळ आणि कुरकुरीत, नापोलीसारखा (म्हणजे नेपल्ससारखा) कडेला फुगलेला नाही. माणशी एक सहज संपतो. पदार्थ भराभर येतात, त्यामुळे लहान मुलं कंटाळत नाहीत. सुरुवातीला तळलेली भोपळ्याची फुलं बघून आपली भजी आठवतील, पण आत मोझरेल्लासोबत खारवलेला मासा भरलेला असतो. सुप्ली या भाताच्या गोळ्यातही बऱ्याचदा खिमा असतो.

खर्चात फरक मोठा आहे. साधा पिझ्झा साधारण 10 युरोच्या आसपास. त्रात्तोरियात पास्ता, मटण आणि भाजी घेतली तर माणशी 30 ते 40 युरो सहज होतात. पण पास्ता आणि मटण दोन्ही मागवण्याची सक्ती नाही, आणि भाजी वाटून घेता येते. दोन्हीकडे पाव आणि पाण्याची बाटली यांचे पैसे बिलात लागतात. टिप द्यायलाच हवी असं नाही. बिल मागितल्याशिवाय कुणी आणून देत नाही. तुम्हाला उठवायचं नाही, असाच त्याचा अर्थ.

वेळही बघा. बऱ्याच पिझ्झेरिया फक्त संध्याकाळी उघडतात, त्यामुळे दुपारी जेवायचं असेल तर त्रात्तोरियाच. तीन ते सात मात्र तिथलं स्वयंपाकघरही बहुधा बंद असतं.

आणि गुरुवारी तिथे असाल, तर त्या दिवशी न्योक्की करण्याची रोमची जुनी रीत आहे. गुरुवार पाळणाऱ्यांना बटाट्याचे हे मऊ गोळे टोमॅटोच्या रश्श्यात घेता येतील. पिठात अंडं आहे का आणि रश्श्यात मांस आहे का, एवढं आधी विचारा.