रंगवलेला फलक की सरकता पडदा? एसटी स्थानकातील वेळापत्रकाविषयी

आमच्या तालुक्याच्या एसटी स्थानकात सध्या दोन वेळापत्रके नांदत आहेत: चौकशी खिडकीशेजारच्या भिंतीवर रंगवलेला जुना फलक आणि फलाटांच्या वर नव्याने बसवलेला इलेक्ट्रॉनिक पडदा. दोन्ही वापरल्यानंतर माझे मत फलकाकडे झुकते.

फलकावर ठिकाण, मार्गे, गाडीचा प्रकार आणि सुटण्याची वेळ असे चार रकाने आहेत. वेळा चोवीस तासांच्या घड्याळाप्रमाणे असल्यामुळे ५.३० आणि १७.३० यांत घोटाळा होत नाही, आणि एका गावाच्या सगळ्या गाड्या एकाखाली एक लिहिल्यामुळे ही गाडी चुकली तर पुढची कधी, हे लगेच कळते. पडद्यावर मात्र एका वेळी जेमतेम पाच-सहा गाड्या दिसतात, त्याही आधी मराठीत आणि मग इंग्रजीत; वयस्कर माणसाची ओळ वाचून होईपर्यंत ती सरकलेली असते.

तरीही हा फलक प्रवाशापेक्षा आगाराच्या सोयीने लिहिला आहे, असे म्हणावे लागते. गाडीचे शेवटचे ठिकाण ज्याला ठाऊक, त्यालाच तो उपयोगी. पुण्याहून नाशिकला जाणाऱ्या रस्त्यावर राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, संगमनेर ही गावे लागतात, हे नेहमीच्या प्रवाशाला सांगावे लागत नाही. पण मंचरला पहिल्यांदाच निघालेल्याने नाशिकची ओळ पाहावी आणि त्यातही विनाथांबा गाडी वगळावी, हे त्याला कोणी सांगायचे? 'मार्गे'च्या रकान्यात तर एकच गाव मावते.

मुक्कामी गाडीची नोंद याहून अपुरी आहे. संध्याकाळी सुटून रात्री खेड्यातच थांबणारी ही गाडी सकाळी परत निघते, आणि दवाखाना किंवा तहसील कचेरी गाठणाऱ्यांची सगळी भिस्त त्या परतीच्या फेरीवर असते. फलकावर मात्र तिच्यापुढे केवळ 'मुक्काम' असे लिहून विषय संपवला आहे. शाळेच्या वेळा धरून सुटणाऱ्या फेऱ्या सुटीत बंद राहतात, त्यांच्यापुढे साधी फुलीसुद्धा नाही. बदललेल्या वेळांवर रंग मारून नवे आकडे घातले आहेत, पण त्या कधीपासून लागू झाल्या याची तारीख कोठेच नसल्याने शेवटी वाहतूक नियंत्रकांनाच विचारावे लागते, आणि खिडकीपुढची रांग वाढते.

फलकाला पाचपैकी साडेतीन गुण. पडद्याला दोन, तेही फलाट क्रमांक तेवढा तो नेमका सांगतो म्हणून.