पीएचक्यू-९ : पहिल्या मानसोपचार भेटीआधी भरावा, पण समासही भरून

पहिल्यांदा मानसोपचारतज्ज्ञाकडे जाताना सोबत काय न्यावं, असं विचारलं की हमखास पीएचक्यू-९चं नाव निघतं. डिप्रेशनची (नैराश्याची) लक्षणं किती आहेत हे मोजणारा नऊ प्रश्नांचा हा एक पानी फॉर्म वापरायला परवानगी लागत नाही, पैसे पडत नाहीत आणि पाच मिनिटांत भरून होतो. क्रोंके, स्पिट्झर आणि विल्यम्स या संशोधकांनी त्याची पडताळणी २००१ साली प्रसिद्ध केली.

गेल्या दोन आठवड्यांत कोणता त्रास किती दिवस झाला, एवढंच तो विचारतो. अजिबात नाही ०, काही दिवस १, निम्म्याहून जास्त दिवस २, जवळजवळ रोज ३. कमाल बेरीज २७. ५, १०, १५ आणि २० या तीव्रतेच्या पायऱ्या. १० किंवा जास्त आले तर नीट तपासणी हवी, असा त्याचा अर्थ. त्यावरून डिप्रेशनचं निदान होत नाही.

त्याचं मोठं बळ नवव्या प्रश्नात आहे. मरून जावं किंवा स्वतःला इजा करावी असं वाटतं का, हे समोरासमोर सांगताना भल्याभल्यांची जीभ अडखळते. कागदावर खूण करणं त्या मानाने जमतं. इथे ० सोडून काहीही आलं तर भेट सुरू होताच तेच आधी सांगायचं. आणि मनात ठरावीक बेत किंवा साधन असेल तर भेटीची वाट पाहू नका: कुणाला तरी सोबत घेऊन त्याच दिवशी तातडीच्या विभागात जा.

आता उणिवा. तिसऱ्या प्रश्नात झोप न लागणं आणि जास्त झोपणं एकाच ओळीत आहे. पाचव्यात भूक मंदावणं आणि अति खाणं, आठव्यात मंदावलेल्या हालचाली आणि अस्वस्थ येरझाऱ्या. दोन्ही टोकांना ३ गुण, म्हणजे दिशा हरवली. डॉक्टरांना तर दिशाच हवी असते. म्हणून आकड्याशेजारी समासात लिहा: ‘११ला अंथरुणावर, लगेच झोप, ३ला जाग, मग डोळा लागत नाही.’ ही एक ओळ पूर्ण बेरजेपेक्षा जास्त सांगते.

बेरीज फसवतेही. झोप, थकवा आणि भूक या तीन ओळींतच ९ गुण जमू शकतात, आणि थायरॉइड मंदावला असेल किंवा हिमोग्लोबिन उतरलं असेल तरी थकवा आणि झोपेचे गुण वाढतात. रक्ताचे अलीकडचे रिपोर्ट फॉर्मला जोडा.

सगळ्यात मोठी उणीव वेगळीच: उन्मादाबद्दल एकही प्रश्न नाही. चार-पाच दिवस जेमतेम झोप होऊनही अंगात उत्साह मावत नव्हता, बोलणं सुसाट, खर्च हाताबाहेर, असा काळ पूर्वी येऊन गेला असेल तर तो सांगितलाच पाहिजे. बायपोलर आजारात (यात उन्माद आणि डिप्रेशन आलटून-पालटून येतात) नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर काहींना उन्मादाचा झटका येतो. असा काळ स्वतःला ‘चांगला’ म्हणून आठवतो, त्यामुळे घरच्यांना विचारा. जवळच्या नात्यात बायपोलर किंवा आत्महत्या असेल तर तेही लिहा.

या सगळ्याला फॉर्मवर जागा नाही, म्हणून पाठकोऱ्या बाजूचा उपयोग करा. वर ठळकपणे : त्रास कधीपासून, याआधी असं कधी झालं. खाली औषधं, नाव, मिलिग्रॅम, किती आठवडे घेतलं, का थांबवलं. ‘ती गोळी लागू पडली नाही’ याला फारसा अर्थ नाही; डिप्रेशनच्या गोळीला पुरेशा डोसवर साधारण चार ते सहा आठवडे द्यावे लागतात. दहा दिवसांत सोडलेली गोळी निकामी ठरत नाही. स्टिरॉइड, झोपेच्या गोळ्या, वनौषधी (विशेषतः सेंट जॉन्स वर्ट, कारण डिप्रेशनच्या अनेक गोळ्यांबरोबर ती धोक्याची ठरते) आणि दारूचं खरं प्रमाण, सगळं लिहा. भेटीआधी ‘मूळ स्थिती दिसावी’ म्हणून कोणतीही चालू गोळी मनाने बंद करू नका. रोजची झोपेची किंवा चिंतेची गोळी एकदम थांबवली तर फिटसुद्धा येऊ शकते.

चिंता जास्त असेल तर ती मोजणारा जीएडी-७ हा फॉर्मही भरा: सात प्रश्न, कमाल २१, पायऱ्या ५, १० आणि १५. घाबरगुंडीचे झटके किंवा त्याच त्या विचारांचा ससेमिरा यांच्यासाठी तो तोकडा पडतो. ते शब्दांत लिहिलेलंच बरं.

फॉर्म आदल्या दिवशी एका बैठकीत भरा. रोज भरू नका, दोन-दोन आठवड्यांचे कालावधी एकमेकांवर चढतात आणि मन आकड्यांतच अडकतं. एक प्रत स्वतःकडे ठेवा. उपचार सुरू झाल्यावर चार-सहा आठवड्यांनी पुन्हा भरला आणि बेरीज ५ किंवा अधिकने उतरली, तर तो फरक दखल घेण्याजोगा मानतात. डॉक्टरांनी कागद नुसता बाजूला ठेवला तर ३ गुणांच्या ओळी आणि नववा प्रश्न मोठ्याने वाचून दाखवा.